सम आकड्यांची माणसं

काटेवाल्यांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं आता दोनच उरली होती, एक बँकेतली कारकून आणि एक डॉक्टर, आणि तीही हातातला कागद बघून. बाकी सगळ्यांसाठी ते काटेवाले. तेहतीस वर्षं त्यांनी वजनकाटे दुरुस्त केले. पोस्टातला पार्सलचा काटा, बेकरीतला पिठाचा, औषधांच्या दुकानातला तळहाताएवढा, हॉस्पिटलातला बाळांचा. शहराच्या त्या बाजूला जे काही तोललं जायचं ते काटेवाल्यांच्या हाताखालून गेलेल्या काट्यावर, असं म्हटलं तर मी फार फुगवून सांगतोय असं होणार नाही.

माणूस सरळ. चुकीच्या काट्याच्या दाखल्यावर उभ्या आयुष्यात सही केली नाही. पण सरळ माणसाबरोबर संसार करणं काय असतं ते त्याच्या बायकोला विचारावं. यांना कशावरही विश्वास ठेवायला सांगा, हे आधी म्हणणार, शून्य बघू. काटा तपासायचा म्हणजे पहिल्यांदा पारडं पुसायचं, रिकामं ठेवायचं आणि आकडा शून्यावर येतो का ते बघायचं. शून्यच चुकलेलं असेल तर पुढे तुम्ही सोनं ठेवा नाहीतर बटाटे, सगळं खोटं. पितळी वजनं ते कधी बोटांनी उचलत नसत. रुमालाने उचलत, कारण बोटाचा घाम लागतो आणि घामालाही वजन असतं. असा हा माणूस, आणि त्याला बायको मिळाली ती रोज सकाळी प्रार्थना करणारी.

ती शाळेचे गणवेश शिवायची. सकाळी उठली की चहाचं आधण ठेवायची आणि ते उकळेपर्यंत स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून नावं घ्यायची. स्वतःसाठी काही नाही, सगळी दुसऱ्यांची नावं. आवाज अगदी बारीक, ओट्याच्या कडेवर दोन्ही हात टेकलेले. पाणी आटून अर्धं व्हायचं तरी नावं संपायची नाहीत. काटेवाले टेबलाशी पेपर उघडून बसलेले.

"झाली का यादी?"

"झाली."

"मग? पडला का कुणाला फरक?"

"पडला असेल."

"असेल म्हणजे काय? मोजलंस?"

"तुम्ही चहा प्या."

एकतीस वर्षं हे असंच. भांडण म्हणावं तर भांडण नाही. सकाळचा चहा जसा, तसं हेही. लेक मात्र म्हणायची, बाबांना फोन केला की ते आमच्याकडचं हवामान विचारतात आणि फोन आईकडे देतात. खरं होतं ते. काट्याशी काम, म्हणून नजर काट्यावर. काट्यामागे जे माणूस उभं असायचं त्याच्या तोंडाकडे काटेवाल्यांनी कधी नीट बघितलंच नव्हतं. मनात वाईट काही नव्हतं, पण चांगुलपणालाही जरा मान वर करावी लागते, ती यांनी केली नव्हती.

एका रविवारी बायको स्वतःसाठी बंद गळ्याचा कोट बेतत होती. गळ्याभोवती टेप लावला आणि थांबली. परत लावला.

"अहो," ती म्हणाली, "माझा गळा अर्ध्या इंचाने वाढलाय."

"नीट मोजलंस का?"

"मोजलं. तीनदा."

त्या घरात तिच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदाच आला असेल, आणि काटेवाल्यांनी पेपर खाली ठेवला.

डॉक्टरांनी गाठ आहे म्हणून सांगितलं. काढावी लागेल. ती साधी की वाईट, हे काढून तपासायला पाठवल्यावर कळेल, अहवाल यायला दहा दिवस. शिवाय आवाजाची नस गाठीला अगदी चिकटलेली. तेव्हा ऑपरेशननंतर दहा दिवस तोंडातून एक शब्द काढायचा नाही, आणि त्यानंतर आवाज येतो का, किती येतो, ते तेव्हा बघू. डॉक्टर बाई मोकळेपणाने बोलल्या, काही लपवलं नाही. काटेवाल्यांना तेवढ्यापुरतं बरं वाटलं. घरी आल्यावर मात्र त्यांना पेपरातली एक ओळ धड वाचता येईना.

हॉस्पिटलात भरती झाली त्या दुपारी बायकोने पिशवीतून मापाची वही काढली. गिऱ्हाइकांची मापं लिहायची जुनी वही, उंची, छाती, बाही असे रकाने छापलेली. शेवटच्या पानांवर तिने रकान्यांवर काट मारून एक ते चोवीस आकडे घातले होते.

"माझी नावं," ती म्हणाली. "उद्यापासून तुम्ही घ्यायची."

"मी?"

"मग काय शेजारणीला सांगू? मी टेबलावर आडवी असणार. आधण ठेवायचं, खिडकीशी उभं राहायचं. एकेक वाचायचं, माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे आणायचा, काय हवंय ते सांगायचं, मग पुढचं. घाई करायची नाही."

काटेवाल्यांनी वही उघडली. "यात नावं कुठे आहेत? ही तर सगळी पोस्टातली बाई, बेकरीतला भट्टीवाला."

"देवाला कळतं कोण ते. तुम्हालाच कळायचं नाही, म्हणून तुम्हाला कळेल असं लिहिलंय."

एरवी बोलले असते. पण तिने एकतीस वर्षांत त्यांच्याकडे स्वतःहून काही मागितलं नव्हतं, आणि उद्या तिच्या गळ्यावर सुरी चालणार होती. त्यांनी वही सदऱ्याच्या खिशात घातली आणि हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधण ठेवलं. खिडकीशी उभे राहिले. घरात कुणी नसूनही चोरासारखं वाटत होतं. वही उघडली आणि आधी नुसतीच वाचायला लागले.

तीन, चष्मेवाल्याची सासू, झोप लागू दे. चार, लाँड्रीवाल्याची सून, सातवा महिना, सगळं सुखरूप होऊ दे. सात, बेकरीतला भट्टीवाला, भाजलेला हात बरा होऊ दे. आठ, पोस्टातली बाई, गुडघे. अकरा, शाळेचा वॉचमन, त्याच्या लेकीचा फोन येऊ दे. सोळा, चित्रकलेचे सर, फार हसतात, त्यांना एकदा रडू येऊ दे. तेवीस, माझी छत्री ज्याने नेली तो, त्याला गरज असेल.

इथवर येईतो काटेवाल्यांमधला कारागीर जागा झाला होता. तुम्ही म्हणाल, बायको ऑपरेशनला गेलेली आणि याला हे सुचतं कसं? पण काही माणसांना घाबरल्यावर हातातलं कामच सुचतं, आणि हे त्यातले. चोवीस माणसं होती, प्रत्येकापुढे काय हवं ते लिहिलेलं, आणि मुदत नेमकी दहा दिवसांची. तेहतीस वर्षांत असा सोपा काटा कुणी हातात दिला नव्हता. त्यांनी पेन्सिल काढली. विषम आकड्यांसाठी रोज प्रार्थना करायची, सम आकड्यांसाठी करायची नाही. दहा दिवसांनी दोन्ही बाजूंना जाऊन बघायचं. फरक असेल तर बायकोची आयुष्यभर माफी मागू, नसेल तर तिला सांगायचंच नाही. त्यांच्या मते हे तिच्यावर उपकारच होते.

एक गोष्ट तेवढी त्यांना खटकली. यादीत बायकोचं स्वतःचं नाव नव्हतं. पंचविसावं म्हणून लिहावं असं मनात आलं. पंचवीस म्हणजे विषम, म्हणजे तिच्यासाठी मागायचं. पण मग चाचणी निर्मळ राहणार नाही. बरं, सम बाजूला टाकावं म्हटलं तर पेन्सिल कागदाला टेकेना. प्रार्थनेने काडीचा फरक पडत नाही असं एकतीस वर्षं सांगणाऱ्या माणसाचा हात तिथे अडला, हे लक्षात ठेवा. त्यांनी नाव लिहिलंच नाही. विषम आकड्यांची बारा माणसं उरकली, आणि मग आधण पार आटून भांडं करपेपर्यंत नुसते उभे राहिले.

ऑपरेशन पार पडलं. गळ्याला पट्टी, तोंडाला कुलूप. जखमेतून पाणी येत होतं म्हणून डॉक्टरांनी दहाही दिवस ठेवून घ्यायचं ठरवलं. संध्याकाळी भेटायला गेले तर बायकोने उशाखालून कागद काढला आणि लिहिलं, "घेतलीत?"

"घेतली," काटेवाले म्हणाले.

अर्धं खरं होतं. पण अर्ध्या खऱ्याला ते एरवी सही देत नसत. तो शब्द त्यांच्या घशात अडकून बसला तो बसलाच.

तिसऱ्या दिवशी अडचण उभी राहिली. चेहरा डोळ्यांपुढे आणायचा म्हणजे तो बघितलेला हवा. बेकरीतला पिठाचा काटा डोळ्यांपुढे यायचा, त्याचा डावा स्क्रू ढिला आहे हेही आठवायचं, भट्टीवाला काही आठवेना. शिवाय चाचणी करायची तर सुरुवातीची नोंद नको का? कुणाचे गुडघे आज किती दुखतात हे माहीत नसेल तर दहा दिवसांनी काय ताडून बघणार? म्हणून काटेवाले सायकल काढून निघाले, एक ते चोवीस, दोन्ही बाजूंची माणसं बघायला.

पोस्टात गेले. खिडकीपलीकडे पन्नाशीच्या बाई, चष्मा दोरीला लावलेला. या बाईंचा काटा ते अकरा वर्षं तपासत होते.

"काटा ठीक आहे, काटेवाले," बाई म्हणाल्या. "आज कसे काय?"

"तुमचे गुडघे कसे आहेत?"

बाईंचा शिक्का हवेतच राहिला. अकरा वर्षांत या माणसाने त्यांना पारडं पुसत चला यापलीकडे काही सांगितलं नव्हतं. "दुखतात," त्या म्हणाल्या. "स्टूल मोडलंय, तीन महिने झाले. दिवसभर उभी असते. पण वहिनींचं कसं आहे ते सांगा आधी. मी रोज शिक्के मारते ना, पहिला शिक्का त्यांच्या नावाचा. बाई बरी होऊ दे म्हणते आणि मारते."

काटेवाल्यांनी हातातल्या वहीकडे बघितलं. ही आठ नंबर, सम. हिच्यासाठी यांनी तीन दिवस मुद्दाम तोंड बंद ठेवलेलं, आणि ही यांच्या बायकोसाठी रोज शिक्का मारतेय. "स्टूल दाखवा," ते म्हणाले. पायाचा स्क्रू गेला होता. पेटीतला एक बसवला, हलवून बघितलं, स्वतः बसून बघितलं. बाहेर पडून सायकलवर टांग टाकल्यावर ध्यानात आलं, आपण सम बाजूच्या माणसाला मदत केली. म्हणजे आठ नंबर बाद. त्यांनी वहीत तसं लिहिलं आणि स्वतःवरच चिडले.

चिडून उपयोग झाला नाही, कारण पुढे असंच होत गेलं. चष्मेवाल्याच्या सासूने त्यांना दीड तास बसवून ठेवलं आणि बोलता बोलता खुर्चीतच डुलकी काढली. ती विषम, पण झोप प्रार्थनेने लागली की काटेवाल्यांच्या गप्पांनी, हे कोण सांगणार? चित्रकलेच्या सरांकडे गेले. सर खरोखरच फार हसत होते. त्यांची बायको मागच्या वर्षी गेली होती. काटेवाले काही विचारायचे विसरले आणि माझी हॉस्पिटलात आहे, मला फार भीती वाटते, असं त्यांच्याच तोंडून निघून गेलं. सरांचं हसू थांबलं. सर रडले की नाही हे मी सांगणार नाही, पण काटेवाल्यांना वजनं उचलायचा रुमाल त्या दिवशी धुवावा लागला. आणि वॉचमनच्या लेकीसाठी रोज न चुकता मागत होते तर तिचा फोन काही येत नव्हता. छत्री नेणाऱ्यासाठी मागताना तर दात-ओठ खायचे. चांगली छत्री होती.

सहाव्या दिवशी दुपारी ते हॉस्पिटलात शिरले तर जिन्यापाशी लाँड्रीवाला भिंतीला टेकून उभा. तोंडावर रक्त नव्हतं.

"सुनेला आणलंय," तो म्हणाला. "अजून दोन महिने होते हो. अचानक कळा सुरू झाल्या. आत घेतलंय."

चार नंबर. सम.

काटेवाल्यांना दरदरून घाम फुटला. त्यांच्या बुद्धीने त्यांना लगेच सांगितलं की याचा त्याचा काही संबंध नाही, सकाळी खिडकीशी उभं राहून कुणी काय म्हटलं यावर कळा सुरू होत नसतात. बुद्धी बरोबर बोलत होती. पण मग हा घाम कुठून आला? ती पोर सहा दिवस त्यांच्या वहीत होती, तिचं नाव घ्यायला त्यांना पाच सेकंद लागली असती, आणि ती त्यांनी दिली नाहीत. का, तर बघायचं होतं. एका पोटुशा पोरीला आपण रिकामं पारडं समजलो. जिन्याच्या वळणावर जाऊन त्यांनी वही काढली. लोक वर-खाली करत होते. काटेवाल्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि सम आकड्यांची बाराच्या बारा माणसं घेतली, एकेक, घाई न करता. चार नंबर पुन्हा घेतला. मग पुन्हा. काय म्हणायचं ते सुचेना तेव्हा नुसतंच, ती पोर, ती पोर, असं म्हणत राहिले.

तासाभराने बाळांच्या खोलीतली नर्स शोधत आली. "काटेवाले काका, बरे सापडलात. बाळ झालं, आई ठीक आहे. पण आमचा काटा वेडा झालाय. एकदा सोळाशे दाखवतो, एकदा एकोणीसशे. बाळाचं औषध वजनावर द्यायचं असतं, अंदाजाने देता येत नाही."

काटेवाल्यांनी हात धुतले, अंगावर नर्सने दिलेला झगा चढवला आणि आत गेले. पारडं पुसलं. शून्य. रुमालाने एक किलोचं वजन ठेवलं. बरोबर एक हजार. काट्यात काही खोट नव्हती. नर्सने बाळाला ठेवलं, लालबुंद, मुठी आवळलेलं, आणि आकडा एकोणीसशेवर गेला. एवढंसं बाळ आणि एकोणीसशे? तेहतीस वर्षं ते अशा वेळी काट्यातच वाकून बघत आले होते. त्या दिवशी मात्र त्यांनी मान वर केली.

पारड्याच्या कडेवर एक हात होता. लाँड्रीवाल्याच्या बायकोचा, इस्त्रीने पोळून पोळून कडक झालेला. नातू खाली पडू नये म्हणून आजीने कड घट्ट धरून ठेवली होती.

"वहिनी, हात काढा," काटेवाले म्हणाले.

"पडलं म्हणजे?"

"नाही पडणार. मी आहे ना." आणि त्यांनी आपले दोन्ही हात पारड्याच्या दोन्ही बाजूंना धरले, कुठेही न टेकवता. आजीने हात काढला. एक हजार सहाशे चाळीस. नर्सने लिहून घेतलं. लिहून होतंय न होतंय तोच आजीचा हात परत कडेवर.

"हाताचं वजन धरत नाहीत ना यात?" आजीने हळूच विचारलं.

"धरत नाहीत," काटेवाले म्हणाले. "पण असतं."

त्या दिवसापासून रोज सकाळी चोवीसच्या चोवीस नावं घेतली जाऊ लागली. चाचणीच्या खुणा त्यांनी खोडून टाकल्या. पंचवीस नंबरही लिहिला, स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरात, आणि तो सगळ्यांत आधी घ्यायला लागले. बाळाचं वजन बघायला रोज एक चक्कर. सोळाशे दहा झालं तेव्हा घास उतरला नाही. दहाव्या दिवशी सोळाशे साठ झालं तेव्हा काटेवाल्यांनी वॉर्डाबाहेर बसलेल्या अनोळखी माणसालाही तो आकडा सांगितला.

आणि त्याच दिवशी अहवाल आला. डॉक्टर बाई लिफाफा घेऊन खाटेशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गाठ साधी होती. पूर्ण निघाली आहे. रोज एक गोळी घ्यायची, बाकी काही नाही."

काटेवाल्यांचा जीव भांड्यात पडला. इतक्या जोरात पडला की त्याबरोबर घशात अडकलेलंही बाहेर आलं. डॉक्टर तिथेच आहेत याचंही त्यांना भान राहिलं नाही. "मी तुझ्याशी खोटं बोललो," ते बायकोला म्हणाले. "सगळी नावं नाही घेतली. पहिले सहा दिवस अर्धीच घेतली. अर्धी मुद्दाम सोडली, फरक पडतो का ते बघायला."

बायकोने उशाखालच्या कागदाकडे हात नेला.

"आता बोलून बघा," डॉक्टर बाई तिला म्हणाल्या. "हळू. जे येईल ते."

बायकोने एकदा आवंढा गिळला. दहा दिवसांनी तिच्या गळ्यातून खरखरीत, फाटका, पण अगदी स्पष्ट आवाज आला. "कुठली अर्धी?"

डॉक्टर बाईंनी टाळीच वाजवली. नस वाचली होती. काटेवाल्यांना हसावं की तिचे पाय धरावेत ते कळेना. "सम आकड्यांची," ते म्हणाले.

"लाँड्रीवाल्याची सून?"

"तीही."

दुपारी घरी येताना गाडीत ती एक शब्द बोलली नाही, आणि यावेळी डॉक्टरांचं नाव सांगून चालणार नव्हतं. घराच्या पायऱ्या चढून झाल्यावर दारात टेकून थांबली. आवाज जपून जपून म्हणाली, "तुमची चाचणी पहिल्या दिवशीच वाया गेली होती. भूल उतरली तेव्हा मला पहिल्यांदा आठ नंबर आठवला. मग सगळीच घेतली. पडल्या पडल्या, रोज, चोवीस. सवयच आहे ती."

"मग मला कशाला सांगितलंस?"

"मी उठलेच नसते तर? त्यांचं कोण होतं?"

काटेवाले पायरीवर बसले. मग म्हणाले, "शून्य मिळणारच नाही गं. मी आयुष्यभर तुला म्हणत आलो, शून्य दाखव. मला वाटलं, बारा माणसं सोडली की बारा पारडी रिकामी. तू घेत होतीस. पोस्टातली बाई तुझ्यासाठी शिक्का मारत होती. ज्याच्यासाठी कुणीच काही मागत नाही असं माणूस आधी सापडलं पाहिजे, तरच मोजता येईल. कुठल्याही पारड्यावर कुणाचा ना कुणाचा हात असतोच."

"मग आता काय म्हणणं आहे तुमचं? चालते की नाही?"

"मला सांगता येत नाही," काटेवाले म्हणाले. या चार शब्दांसाठी त्यांना एकतीस वर्षं लागली होती. "पण मला फार बरं वाटतंय. आणि ते नुसतं डॉक्टरांना सांगून पुरत नाहीये. अजून कुणाला तरी सांगावंसं वाटतंय."

"सांगा की," बायको म्हणाली. "तेवढ्याचसाठी तर मी रोज उभी असते. निम्मा वेळ मागण्यात जातो, निम्मा हे सांगण्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आधण ठेवलं. आवाज टिकत नव्हता, म्हणून वही काटेवाल्यांनी धरली आणि दोघं खिडकीशी उभे राहिले. त्यांनी मोठ्याने एकेक वाचलं, तिने मान हलवली. वॉचमनच्या लेकीचा फोन अजून आलेला नव्हता, तो परत मागितला. चार नंबरपुढे आता दोन माणसं झाली होती. तेवीस नंबरला काटेवाले दात-ओठ न खाता म्हणाले, छत्री राहू दे त्याला. मग पंचवीस वाचला, आणि तिथे त्यांना मागायचं काही उरलं नव्हतं, म्हणून नुसतं थांबून राहिले.

"झाली," ते म्हणाले आणि वही मिटायला लागले.

"थांबा. एक मी वहीत लिहिलं नव्हतं. ते पाठ आहे." तिने ओट्यावर हात टेकले आणि त्या फाटक्या आवाजात, एकेक शब्द तोलून म्हटलं, "आणि ह्यांना कुणाची तरी काळजी वाटू दे."

काटेवाल्यांच्या डोळ्यांपुढे तो जिना आला, ती भिंत, तो घाम.

"हे कधीपासून मागतेस?" त्यांनी विचारलं.

"लग्न झाल्यापासून."

"म्हणजे एकतीस वर्षं."

"वेळ लागला खरा," ती म्हणाली. मग त्यांच्या तोंडाकडे बघून तिला राहवलं नाही. "काय झालं? मोजताय का?"

काटेवाल्यांनी मान हलवली, नाही म्हणून. खिशातून रुमाल काढून डोळे पुसले, आणि आधण उतू जायच्या आत गॅस बारीक केला.